पाटी दिसते, माणूस दिसत नाही

दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षराहून लहान असू नये, एवढ्या साध्या नियमाविरुद्ध मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची याचिका २५ हजार रुपयांच्या भुर्दंडासह फेटाळली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्या न्यायालयाने दसरा-दिवाळी तोंडावर आल्याची आठवण करून देत, वकिलांवर खर्च करण्याऐवजी पाट्यांवर करा, असे व्यापाऱ्यांना सुनावले आणि दोन महिन्यांची मुदत दिली. मुदत संपताच, २८ नोव्हेंबरपासून, मुंबई महापालिकेची पथके दुकानोदुकानी फिरू लागली. दर कामगारामागे दोन हजार रुपये दंडाची भाषा झाली. पुढे मे २०२४ पासून कसूर करणाऱ्यांचा मालमत्ता कर दुप्पट करण्याचाही निर्णय जाहीर झाला.

त्याच मे महिन्याच्या १३ तारखेला दुपारी मुंबईत वादळी वारा सुटला आणि घाटकोपरच्या छेडानगरमधील पेट्रोल पंपावर एक अजस्र जाहिरातफलक कोसळला. १७ माणसे मेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. पालिकेच्या नियमाप्रमाणे फलक ४० फूट लांब व ४० फूट रुंद यापेक्षा मोठा असता कामा नये. हा फलक सुमारे १२० फुटांचा होता. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील. परवानगी आम्ही दिलीच नव्हती, असे पालिकेचे म्हणणे. पालिकेची परवानगी लागतच नाही, असा दुसऱ्या बाजूचा दावा. या वादात फलक दिमाखाने उभा राहिला आणि पडला तो माणसांच्या अंगावर.

ज्या शासनयंत्रणेला वाण्याच्या पाटीवरील अक्षरे इंचाइंचाने मोजता येतात, तिला १२० फुटांचा फलक उतरवता येत नाही, हा निव्वळ ढिसाळपणा मानून चालणार नाही. कोणत्या निर्णयाची अंमलबजावणी कडकपणे होते, कोणती सैलपणे होते आणि कोणती होतच नाही, याला एक दिशा असते. ती दिशा ओळखणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पाट्या, फलक आणि रस्ते बंद करण्याचे आदेश हे तीन विषय वरवर वेगळे दिसतात. पण रस्ता कोणाचा आणि त्याच्याविषयी ठरवणार कोण, हा एकच प्रश्न तिन्हींच्या तळाशी आहे.

गुमास्ता गेला, पाटी राहिली

प्रथम पाटीचा विचार करू. मराठी पाटीचा आग्रह योग्य आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. ज्या राज्याचा कारभार लोकभाषेत चालावा म्हणून माणसांनी प्राण दिले, त्या राज्यात दुकानाचे नाव गिऱ्हाइकाला त्याच्या लिपीत वाचता यावे यात संकुचितपणा नाही. इंग्रजी न येणारी बाई औषधाचे दुकान कोणते आणि दवाखाना कोणता हे पाटीवरूनच ओळखते. तिच्या दृष्टीने ही अस्मितेची नव्हे, रोजच्या सोयीची बाब आहे.

परंतु हा नियम कोणत्या कायद्यात आहे, याची चर्चा फारशी होत नाही. तो राजभाषेच्या कायद्यात नाही. कामगारांच्या कायद्यात आहे. १९४८ साली मुंबई राज्याने दुकाने व संस्था यांचा कायदा केला तो दुकानात राबणाऱ्या नोकरासाठी. दुकान किती वाजता उघडावे, किती वाजता बंद व्हावे, आठवड्याची सुटी कोणती, जादा कामाचा मोबदला किती, हे त्यात ठरवून दिले होते. लोकांनी या कायद्याला नावही अचूक दिले. आजही व्यापारी त्याच्या परवान्याला ‘गुमास्ता’ म्हणतात. गुमास्ता म्हणजे पेढीवरचा कारकून, दुकानातला नोकर. कायदा त्याचा होता म्हणून परवान्यालाही त्याचेच नाव मिळाले. मराठी पाटीची तरतूद या कायद्याखालील नियमावलीत आली ती त्या नोकराच्या हक्कांच्या शेजारी.

२०१७ साली हा जुना कायदा जाऊन नवा आला. त्याच्या नावात ‘नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन’ असे शब्द आहेत; परंतु दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळण्यात आले. त्यांनी आपण धंदा सुरू केल्याची सूचना द्यावी, एवढेच पुरे झाले. निरीक्षक हे पदही गेले आणि त्याच्या जागी ‘सुविधाकार’ आला. सुविधा कोणाची, हे सांगावयास नको. दहापेक्षा कमी माणसांवर चालणारी दुकाने राज्याच्या कोणत्याही बाजारपेठेत पावलोपावली आहेत. त्यांतील नोकराच्या कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जादा कामाचा दुप्पट मोबदला, ओळखपत्र ही सर्व कलमे एका फटकाऱ्याने त्याच्या डोक्यावरून गेली.

मग २०२२ उजाडले. छोटी दुकाने कायद्याबाहेर गेल्याने मराठी पाटीची सक्तीही त्यांना लागू होत नाही, हे सरकारच्या ध्यानात आले. विधिमंडळाने तातडीने दुरुस्ती केली, ३६क हे कलम घातले आणि दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना पुन्हा कायद्याच्या कक्षेत आणले. कशासाठी? केवळ पाटीसाठी. ज्या दुकानात सहा माणसे सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत उभी असतात, त्या दुकानाची पाटी आज कायद्याच्या आत आहे आणि ती सहा माणसे बाहेर आहेत. पळवाट बुजवावयाची ठरवली तर ती किती लवकर बुजवता येते, हे सरकारने स्वतःच दाखवून दिले. मात्र माणसाच्या बाजूची पळवाट रुंदच होत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा उंबरठा दहावरून वीस कामगारांवर नेण्यास आणि दुकानांतील कामाचा दिवस नऊ तासांऐवजी दहा तासांचा करण्यास मान्यता दिली. त्यासंबंधी पाटीच्या प्रश्नावर झाला तसा गदारोळ कोठे झाला नाही.

मराठीचा कैवार घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या दिवशी आवाज उठवला? २००८ साली याच पाट्यांच्या प्रश्नावर मुंबईत धाकदपटशा झाला, फलकांना काळे फासण्यात आले. त्या रोषाला तोंड द्यावे लागले ते दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या नोकराला. मालक तेथे असेलच असे नाही. तो नोकर गोरखपूरचा असो, गंजामचा असो वा गुहागरचा, पाटीवर कोणते अक्षर असावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. पाटीवर मराठी हवी, तर पगाराच्या पावतीवरही हवी, नेमणुकीच्या पत्रावरही हवी, हजेरीच्या पुस्तकावरही हवी. आणि ज्याला मराठी येत नाही त्याला त्याच्या भाषेत ती समजावून सांगण्याची व्यवस्थाही हवी. भाषेचा प्रश्न दुकानाच्या उंबरठ्यावर अडतो, कारण उंबरठ्याच्या आत गेले की तो मजुरीचा प्रश्न होतो.

आकाश कोणी विकले?

पाटी ही दुकानदाराची ओळख असते. जाहिरातफलक हा निराळ्याच जातीचा प्राणी आहे. तो ज्या जागेवर उभा असतो तेथे त्याच्या मालाचा काही संबंध नसतो. तो विकतो ते येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचे लक्ष, आणि त्या बदल्यात भाडे घेतो कोणी तरी तिसराच. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात आकाशचिन्हांवर आणि जाहिरातींवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. अधिकार कमी पडला म्हणून माणसे मेली असे कोणाला म्हणता येणार नाही.

घाटकोपर ही पहिली घटनाही नव्हती. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या शाहीर अमर शेख चौकात रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि चार जण गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात वादळी पावसात आडोशाला उभ्या राहिलेल्या माणसांवर फलक पडला. पाच जण गेले. वर्षे निराळी आहेत, शहरे निराळी आहेत. मेलेली माणसे मात्र बहुतांशी एकाच वर्गातील आहेत. सिग्नलला रिक्षात बसलेला, पावसात छत शोधणारा, पंपावर इंधन भरून पुन्हा भाड्याला निघालेला. फलकाकडे वर पाहणाऱ्यांसाठी तो उभारला जातो, आणि पडतो तो फलकाखाली ज्यांना आडोसा घ्यावा लागतो त्यांच्यावर.

तीनांपैकी दोन घटनांत जागा रेल्वेची किंवा लोहमार्ग पोलिसांची होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक मालकीची जागा हीच जर नियमांची पळवाट बनत असेल, तर सार्वजनिक या शब्दाचा अर्थ काय उरतो? समाजवादी कार्यकर्त्याने येथे विशेष सावध असावयास हवे. मालकी सार्वजनिक आहे एवढ्यावर त्याचे समाधान होता कामा नये. एखादे सरकारी खाते आपली जमीन खाजगी जमीनदाराप्रमाणे भाड्याने लावू लागले, की ती जमीन नावापुरतीच लोकांची राहते.

हे बदलता येते याचा पुरावा दूरच्या एका शहरात आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो या महानगराने २००६ साली ‘स्वच्छ शहर’ नावाचा कायदा केला आणि जानेवारी २००७ पासून शहरातील जाहिरातफलकांना सरसकट बंदी घातली. सुमारे १५ हजार फलक उतरवले गेले. दुकानांच्या पाट्यांनाही त्याच कायद्याने माप लावून दिले: दर्शनी भाग दहा मीटरहून कमी असेल तर दीड चौरस मीटरची पाटी, त्याहून रुंद असेल तर चार चौरस मीटरची. हा कायदा करणारा महापौर डाव्या पक्षाचा नव्हता. जाहिरात कंपन्यांनी न्यायालये गाठली, धंदा बुडेल अशी ओरड केली. शहर बुडाले नाही. या उदाहरणातून बंदीपेक्षा मापाची कल्पना घेण्यासारखी आहे. दुकानाच्या पाटीला दर्शनी भागाच्या प्रमाणात माप असेल तर चहाच्या टपरीची पाटी आणि मोठ्या कंपनीच्या कपड्यांच्या दालनाची पाटी यांना एक न्याय लागू होतो. आज मात्र टपरी अक्षराच्या मापात सापडते आणि दालनाच्या डोक्यावरील प्रकाशफलक शुल्क भरून सुटतो.

आणि येथे राजकीय पक्षांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ रोजी उच्च न्यायालयाने बेकायदा राजकीय फलकांविरुद्ध स्पष्ट आदेश दिले. सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा तर १९९५ पासून आहे. तरीही पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चौक आणि विजेचे खांब फ्लेक्सने मढवले जातात, त्यांना हात लावताना पालिकेचा कनिष्ठ अभियंता दहादा विचार करतो. लहान पक्ष, कामगार संघटना, चळवळी यांनीही ही रीत उचलली आहे. ज्यांना घाटकोपरबद्दल बोलावयाचे आहे त्यांनी आपल्या शिबिराचा विनापरवाना फ्लेक्स आधी उतरवावा, म्हणजे बोलण्याला वजन येईल.

रस्ता बंद करणे आणि रस्ता मोकळा करणे

तिसरा विषय रस्ते बंद करण्याचा. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा गर्दीचा भाग वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ पाळला. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून मुलांना आणि चालणाऱ्यांना मोकळे केले. कोपनहेगनने १९६२ साली आपला मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद केला तेव्हा तेथील व्यापारी गिऱ्हाईक तुटेल म्हणून घाबरले होते. पुढे तोच रस्ता त्यांच्या शहराचे वैभव ठरला. मोटारींनी व्यापलेला रस्ता चालणाऱ्याला परत देणे हे समाजवादी विचाराशी सुसंगतच आहे. ज्या शहरात बहुसंख्य माणसे पायी, बसने किंवा लोकलने जातात, तेथे रस्त्याचा मोठा हिस्सा मोटारवाल्याला का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पण रस्ता कोणासाठी मोकळा झाला आणि कोणाला बंद झाला, हेही विचारावे लागते. मोटार थांबली की त्याच आदेशाने हातगाडी थांबते काय? बस दुसऱ्या मार्गाने वळवली तर दुकानात कामाला येणाऱ्या बाईला किती चालावे लागते? मालाचा टेम्पो दूर उभा करावा लागला तर ते अंतर हमालाच्या पाठीवर येते, आणि त्याची हमाली त्या प्रमाणात वाढवून मिळते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चालणाऱ्यांसाठी जागा करावयाची म्हणून पहिली धाड पथारीवाल्यावर पडते काय? सुंदर झालेल्या रस्त्यावर कॉफीच्या दुकानाच्या खुर्च्या पदपथावर येतात तेव्हा तिला शहराची संस्कृती म्हणतात. भाजीवालीची टोपली त्याच पदपथावर आली की तिला अतिक्रमण म्हणतात.

संसदेने या बाबतीत चांगला कायदा केलेला आहे, हे अनेक कार्यकर्त्यांनाही नीट ठाऊक नसते. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घेतले पाहिजे. दर पाच वर्षांनी त्यांचे सर्वेक्षण झाले पाहिजे. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येणार नाही. उठवावयाचे किंवा हलवावयाचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस दिली पाहिजे. विक्रीची क्षेत्रे ठरवण्यात ज्या नगर पथविक्रेता समितीचा सहभाग बंधनकारक आहे, तिच्यात किमान चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात. रस्त्याविषयीच्या निर्णयात रस्त्यावर पोट भरणाऱ्याला खुर्ची देणारा दुसरा कायदा या देशात शोधून सापडणार नाही.

त्याचे झाले काय? मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १ कोटी २४ लाख. अडीच टक्के म्हणजे तीन लाखांहून अधिक विक्रेते. २०१४ च्या सर्वेक्षणात अर्ज आले ते सुमारे ९९ हजार. आणि समितीच्या निवडणुकीसाठी जी मतदारयादी झाली तिच्यात नावे उरली साधारण ३२ हजार. निवडणूकही झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, कायद्यानंतर दहा वर्षांनी. ही दहा वर्षे रस्त्यावरील गाड्या मात्र थांबल्या नव्हत्या. सामान उचलून नेण्याच्या गाड्या, म्हणजे. १८८८ च्या कायद्यातील ३१४ वे कलम पूर्वसूचनेशिवाय रस्त्यावरील वस्तू हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले, परंतु ते कलम अबाधित ठेवले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कलम रोज सकाळी अमलात येते. प्रजासत्ताकाच्या संसदेने केलेले कलम दहा वर्षे समितीची वाट पाहते.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. पूल रेल्वेचा होता, त्याची रुंदी वाढवणे रेल्वेचे काम होते. पण पुढच्या आठवड्यांत संतापाचे तोंड फेरीवाल्यांकडे वळवण्यात आले, आणि १ नोव्हेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाने स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत विक्रीला मनाई असल्याचे स्पष्ट केले. प्रवाशाला चालण्यास वाट हवी, हे खरेच आहे. परंतु कायद्याने सांगितलेली समिती त्या वेळी कामाला लागलेली असती तर ती वाट आणि पोट यांचा मेळ कसा घालावा, हे प्रवासी आणि विक्रेता यांना समोरासमोर बसून ठरवता आले असते. समिती नसल्यामुळे तो निर्णय न्यायालयाने मीटरमध्ये मोजला.

ठरवणार कोण?

आता या सर्व निर्णयांच्या तारखा पुन्हा पाहाव्यात. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुण्यासह राज्यातील इतर मोठ्या महापालिकांचीही त्याच सुमारास संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचे राज्य होते. पाट्यांची मोहीम त्याच काळातील, घाटकोपर त्याच काळातील, फेरीवाल्यांची मतदारयादी त्याच काळातील. सभागृह नव्हते, स्थायी समिती नव्हती, जाब विचारावयाला नगरसेवक नव्हता. प्रभाग समितीच्या बैठकीत ‘हा फलक कोणाचा?’ असा साधा प्रश्न विचारण्याची सोयही नव्हती.

तथापि निवडणूक झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. पुण्यात २०१८ साली फलक पडला तेव्हा निवडलेले सभागृह अस्तित्वात होते. मुंबईत नगरसेवक २२७. म्हणजे एकामागे सरासरी पंचावन्न हजार माणसे. एवढ्या माणसांतून एकाने कोणाचे ऐकावे? ज्याची ओळख आहे, ज्याचा फ्लेक्स लागतो, त्याचेच तो ऐकतो. १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण त्यांत बसतात मुख्यतः नगरसेवकच. त्याच्याही खाली, मतदाराच्या पातळीवर, ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा असावी म्हणून पुण्यासह राज्यातील महापालिकांना लागू असलेल्या कायद्यात २००९ साली तरतूद झाली. केंद्राच्या नगरविकास योजनेचा पैसा मिळण्यासाठी ती करावी लागली. पैसा आला आणि क्षेत्रसभा बहुतांशी कागदावरच राहिली.

मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या त्या गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न घेऊन, आणि तो प्रश्न त्यांनी सभागृहात नेला तो बायकांचे मोर्चे बरोबर घेऊन. नगरसेवकपद आणि रस्त्यावरची चळवळ ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. त्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी पाटी, फलक आणि पदपथ हे विषय किरकोळ समजून सोडून दिले, तर ती जागा रिकामी राहणार नाही. एका बाजूने अस्मितेचे ठेकेदार ती भरतील, दुसऱ्या बाजूने सुशोभीकरणाचे.

म्हणून काही कामे हाती घेण्यासारखी आहेत, आणि ती कायद्याच्या चौकटीतच करता येतात. ज्या दुकानावर मराठी पाटीसाठी कारवाई झाली त्या प्रत्येक दुकानात कामगार किती, तास किती, सुटी कोणती, याचीही नोंद घ्यावी, अशी मागणी सुविधाकारांकडे लेखी करावी. पळवाट जर पाटीसाठी बुजवता आली तर साप्ताहिक सुटीसाठीही बुजवावी, हा मुद्दा विधिमंडळापर्यंत न्यावा. प्रभागातील प्रत्येक मोठ्या फलकाचे माप, परवान्याची मुदत, संरचनेच्या तपासणीची तारीख आणि जागेचा मालक ही माहिती फलकाखालीच मराठीत लावली जावी, मग जागा रेल्वेची असो, पोलिसांची असो वा गृहनिर्माण संस्थेची. रस्ता वाहनांना बंद करण्यापूर्वी त्या रस्त्यावरील दुकानांतील नोकर, हमाल, रिक्षाचालक आणि पथविक्रेते यांची क्षेत्रसभेत सुनावणी व्हावी. आणि नगर पथविक्रेता समितीच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त मागावे. जेथे समितीच नाही तेथे ती का नाही, याचे उत्तर मागावे.

यांतील एकही मागणी मोठी नाही. क्रांतीची भाषा त्यांत नाही, आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर त्या येणारही नाहीत. पण शहरातील माणसाची शासनाशी रोजची गाठ पडते ती याच ठिकाणी: दुकानाच्या दारात, सिग्नलखाली, पदपथाच्या कडेला. तेथे त्याचे मत जमेस धरले जात नसेल तर पाच वर्षांनी एकदा बोटाला शाई लावून त्याचे राज्य येत नाही. दुकानाची पाटी त्याच्या भाषेत आली, हे चांगलेच झाले. त्या पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाला सुटीचा दिवस मिळवून देणे, हे काम अजून व्हावयाचे आहे.